मशीन शिकली कोणाच्या अक्षरावर?

मीठ घालून उकडलेल्या तुरीच्या शेंगा, शेकोटी आणि मामांचं अंगण. यवतमाळच्या डिसेंबरात याहून जास्त काही लागत नाही. मामा म्हणजे आमच्या अख्ख्या गल्लीचे मामा. पस्तीस वर्षं पोलिसात काढून २०१९ मध्ये सहायक फौजदार म्हणून निवृत्त झाले. वणी, पांढरकवडा, आर्णी, उमरखेड, सगळी नोकरी जिल्ह्यातच. त्यांची सख्खी भाची इथंच जिल्हा न्यायालयात वकिली करते. कामं बहुतेक विधी सेवा प्राधिकरणाकडून आलेली, म्हणजे ज्याला वकील परवडत नाही अशा कच्च्या कैद्यांची.

२०२५ च्या डिसेंबरातल्या त्या संध्याकाळी तिच्या मांडीवर लॅपटॉप होता. एका आमदारांना पुढच्या अर्थसंकल्पी अधिवेशनात पोलिसांच्या एआयवर अशासकीय विधेयक मांडायचं होतं आणि त्यांनी तिच्याकडे टिपण मागितलं होतं. ‘दोन पानांत, सोप्या मराठीत,’ अशी अट. आमदारांचं नाव आणि पक्ष बाजूला ठेवू. अशासकीय विधेयकाचं पुढं काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. तरी कोणाला तरी विचारावंसं वाटलं, हेच मला पुष्कळ वाटलं.

मी मनात दोघांच्या बाजू आधीच वाटून टाकल्या होत्या. मामा मशीनच्या बाजूनं, वकील विरोधात. निघालं नेमकं उलटं.

“मामा, यंदाचा ९ ऑगस्ट आठवतो?” भाचीनं सुरुवात केली. “नागपूर–जबलपूर रस्त्यावर, देवलापारजवळ. ट्रकनं दुचाकीला उडवलं, बायको जागीच गेली. नवरा हात जोडत राहिला, एक गाडी थांबली नाही. शेवटी त्यानं तिचा मृतदेह दुचाकीला बांधला आणि निघाला. ट्रकचा नंबर नाही, कंपनी माहीत नाही. लाल खुणा होत्या, एवढंच त्याला सांगता आलं. टोलनाक्यांच्या कॅमेऱ्यांत काय काय कैद झालं होतं ते सगळं मार्व्हलच्या, म्हणजे राज्य पोलिसांच्या एआय यंत्रणेच्या, अल्गोरिदमनं चाळलं. ३६ तासांत ट्रक सापडला, सातशे किलोमीटरवर, ग्वाल्हेर–कानपूर रस्त्याला. तुमच्या वेळी काय झालं असतं?”

मामांनी शेंग सोलली. “माह्या वेळी? अज्ञात वाहन लिवलं असतं. अन् सहा महिन्यानं ए समरी. खरं तेच सांगतो.”

ए समरी म्हणजे गुन्हा खरा, आरोपी सापडत नाही, फाईल बंद. हा शब्द पोलिसाच्या तोंडून इतक्या सहज येतो, की त्यामागं एक मेलेलं माणूस असतं हे ऐकणाऱ्याच्या लक्षातही येत नाही.

“मग?” भाची म्हणाली. “आणि हे एकट्या ट्रकचं नाही. घाटंजीच्या म्हाताऱ्याच्या खात्यातून कापसाचे पैसे गेले, तर पूर्वी बँकेला पत्र, टेलिफोन कंपनीला पत्र, त्याच्यावर साहेबांची सही, यातच आठ दिवस जायचे. तोवर पैसे पाच खाती फिरून यायचे. आता महाक्राइमओएस नावाचं पोलिसांचं एआय ती पत्रं तिथंच तयार करतं, तक्रार मराठीत असली तरी वाचतं, कलमं काढून देतं, तपासात पुढं काय करायचं ते सुचवतं. नागपुरात २३ ठाण्यांत करून पाहिलं. याच महिन्यात मुख्यमंत्री फडणवीस आणि मायक्रोसॉफ्टचे नडेला एका व्यासपीठावर होते तेव्हा सांगितलं, की आता राज्यातल्या सगळ्या ११०० ठाण्यांत. माझा अशील आत सडतो तो कायद्यामुळं नाही, कागद वेळेवर होत नाही म्हणून. कागद लवकर होणार असेल तर मी कशाला नाही म्हणू?”

आता एक अवांतर. सायबर फसवणूक झाली की फोन करायचा क्रमांक १९३०. यवतमाळकराला हा आकडा दुसऱ्याच कारणानं पाठ असतो. १० जुलै १९३० रोजी बापूजी अण्यांनी पुसदजवळच्या राखीव जंगलात गवत कापलं, सरकारचा कायदा मोडला आणि तुरुंगात गेले. मी हे बोललो तर मामा हसले. “म्हंजे बापूजीचंही नाव असंन कुठल्या तरी रजिस्टरात. सांगतो तुले त्याचं, थांब.”

पण आधी त्यांनी ट्रकचं उत्तर दिलं.

“ट्रकले बाप नसते, पोरी. त्याले जात नाई, बेडा नाई. ट्रक शोधाले मशीन लाव, चोरट्याचं खातं शोधाले लाव, मी स्वतः तिले हार घालतो. पन मानूस शोधाले लावशीन तं पह्यले तिले विचार, बाई, तू शिकली कोनापासून?”

“कोणापासून?”

“माह्यापासून.”

मग त्यांनी जे सांगितलं, ते या गल्लीत कोणीच कधी ऐकलं नव्हतं. १९९१ चा हिवाळा, जिल्ह्यातलं एक ठाणं. एका घरी घरफोडी झाली. ना ठसे, ना साक्षीदार. साहेब म्हणाले, बेड्यावर जा. पारध्यांचा बेडा, म्हणजे वस्ती, गावाबाहेर, नाल्याच्या पलीकडं. चार माणसं उचलून आणली. त्यांच्याबरोबर एक पोट्टाही आला, पंधरा वर्षांचा. तो आला, कारण बापाचा हात सोडत नव्हता. तीन दिवस ठेवलं, काही निघालं नाही, सोडून दिलं.

“सोडलं, पन लिवून सोडलं. लांब रजिस्टर होतं, लाल कापडाच्या पाठीचं. नाव, बापाचं नाव, वय, बांधा, रंग, आंगावरची खून. पुढं गुन्ह्याची पद्धत. अन् शेवटी नातेवाईक अन् साथीदार, शेजारी-शेजारी रकाने. पोट्ट्याच्या हनुवटीवर तीळ होता, तो लिवला. पद्धतीच्या रकान्यात काय लिवू? त्यानं तं काईच नव्हतं केलं. मंग लिवलं, संशयित, वडील रेकॉर्डवर. माह्यं अक्षर चांगलं होतं म्हनून ते काम माह्याकडेच राहे.”

“आणि घरफोडी?”

“ते कधीच कळलं नाई. पन पुढं कुठं काई झालं का आनाच्या यादीत ते पोट्टं. आनलं का नोंद, नोंद झाली का पुन्हा आनाचं. सहाव्या टाइमाले नवीन साहेब आले, त्याइनं रजिस्टर चाळलं अन् म्हने, एवढ्या वेळा नाव आलं म्हंजे पोरगा सराईत दिसते. मी समोर उभा होतो. मीच लिवल्या होत्या साऱ्या नोंदी. मी काई बोललो नाई.”

शेकोटीत कोणीतरी पऱ्हाट्या टाकल्या. जाळ उंच झाला.

“२०१५ मध्ये सीसीटीएनएस आलं, साऱ्या ठाण्याइचं कॉम्पुटरचं जाळं,” मामा पुढं बोलले. “जुनं रेकॉर्ड कॉम्पुटरवर चढवाले पोरं बसवली. बिचाऱ्याइनं जसंच्या तसं चढवलं. बाकीच्याइच्या अक्षरात घोळ झाला असंन, माह्या अक्षरात एक चूक नाई झाली.”

भाची बराच वेळ गप्प होती. पण ती वकील आहे, आणि चांगली वकील आहे. तिनं पलटवार केला तो मला अजून विसरता आलेला नाही.

“मामा, अमेरिकेत फ्लोरिडामध्ये ब्रॉवर्ड नावाचा एक परगणा आहे. तिथं आरोपी पुन्हा गुन्हा करेल का, हे सांगणारं सॉफ्टवेअर होतं, कॉम्पास नावाचं. २०१६ मध्ये प्रोपब्लिकाच्या पत्रकारांनी सात हजारांहून जास्त आरोपींचे गुण मिळवले आणि पुढं दोन वर्षांत प्रत्यक्षात काय झालं त्याच्याशी ताडून पाहिले. ज्यांनी पुढं काहीच केलं नाही, अशांपैकी काळ्या लोकांना ‘धोकादायक’ ठरवण्याचं प्रमाण गोऱ्यांच्या जवळजवळ दुप्पट होतं. तुम्ही म्हणता तेच. पण हे कळलं कसं? मशीननं प्रत्येकाला दिलेला आकडा कागदावर होता, म्हणून मोजता आलं. तुमच्या पस्तीस वर्षांच्या रात्रगस्तीत तुम्ही कोणाला उचललं आणि कोणाला ‘जा बाबा’ म्हणून सोडलं, हे कोणी मोजलं? कोणाला मोजता येईल?”

“पन माह्या पाया पडता येत होतं. मशीनच्या कुठं पडशीन?”

“पाया पडता येत होतं, तसे पैसेही देता येत होते.”

मामा यावर काही बोलले नाहीत. माझं म्हणाल तर या फेरीचे गुण मी भाचीला दिले. माणसाच्या दयेचे आपण गोडवे गातो, पण ती दया कोणाच्या वाट्याला येते हे बेड्यावरच्यांना विचारावं. कॉम्पासबद्दल मात्र तिनं एक गोष्ट गाळली, ती इथं सांगायला हवी. विस्कॉन्सिनमधल्या एका आरोपीनं विचारलं होतं, की माझा आकडा आला कसा? ते सूत्र कंपनीचं व्यापारी गुपित होतं. तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं २०१६ मध्ये काही इशारे जोडून त्या आकड्याचा वापर चालू ठेवला. मोजता येतं खरं, पण आकडे कोणी हाती दिले तर.

तसं पाहिलं तर माणसाच्या आधी त्याची यादी करायची युक्ती आपल्याला कॉम्प्युटरनं शिकवली नाही. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा हेच करत होता. जमातच गुन्हेगार ठरली, की मूल जन्मताच संशयित. ठाण्यात हजेरी लावायची, गाव सोडायचं तर परवाना घ्यायचा. तो कायदा स्वातंत्र्यानंतर पाच वर्षांनी, ३१ ऑगस्ट १९५२ ला गेला आणि त्या जमाती ‘विमुक्त’ झाल्या. महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत बंजाराही आहेत. आणि १९६३ ते १९७५ इतका काळ राज्याचं मुख्यमंत्रिपद सांभाळणारे वसंतराव नाईक पुसद तालुक्यातल्या गहुलीचे, बंजारा. एखाद्या सॉफ्टवेअरला १९२५ सालच्या नोंदी चारून विचारलं असतं, की या यादीतल्या घरातून काय निपजेल, तर त्यानं मुख्यमंत्री असं उत्तर दिलं नसतं.

“न्यायालयानं यावर सांगून झालंय, मामा,” भाची लॅपटॉपवर काहीतरी शोधत म्हणाली. “मे २०२४. दिल्लीचं प्रकरण होतं, पण सर्वोच्च न्यायालयानं सगळ्या राज्यांना हिस्ट्रीशीटचे नियम तपासायला सांगितलं. मागास समाजातल्या निर्दोष माणसांची नावं केवळ समाजाकडं बघून, यंत्रवत चढू नयेत म्हणून. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तुरुंगातल्या जातवार कामांचा निकाल आला, त्यातही विमुक्तांना जन्मतः गुन्हेगार मानण्यावर ताशेरे आहेत.”

“अन् मार्व्हल कधी आलं?”

“मार्च २०२४.”

“म्हंजे मशीन मार्चमदी आली, अन् रजिस्टर तपासा म्हनून मेमदी सांगतलं.” मामांनी शेंगेची सालं शेकोटीत टाकली. “उलटं नाई झालं का ते?”

इथं भाचीनं पहिल्यांदा मान हलवली आणि खरी गोष्ट इथून सुरू झाली, असं मला वाटतं. आपल्याकडे कायदा कसा होतो? महिलांवरच्या अत्याचारांविरुद्धचं शक्ती विधेयक डिसेंबर २०२० मध्ये आलं. दोन्ही सभागृहांच्या संयुक्त चिकित्सा समितीकडं गेलं, वर्षभर खल झाला, डिसेंबर २०२१ मध्ये मंजूर झालं आणि राष्ट्रपतींच्या संमतीअभावी तिथंच राहिलं. जनसुरक्षा विधेयकही समितीतूनच गेलं. बावनकुळे यांच्या समितीपुढं बारा हजारांहून जास्त सूचना आणि हरकती आल्या, आणि मगच जुलै २०२५ मध्ये ते मंजूर झालं. निकाल आवडो न आवडो, लोकांना लिहून कळवायला एक खिडकी तर होती. मार्व्हल आलं ते करारानं आणि शासन निर्णयानं. राज्य सरकार, नागपूरचं आयआयएम आणि पिनाका टेक्नॉलॉजीज नावाची कंपनी यांनी मिळून कंपनी कायद्याखाली ते उभं केलं. हेतू वाईट होता असं मी म्हणत नाही. देवलापारच्या त्या माणसाला विचारलं तर तो चांगलाच म्हणेल. पण कायद्यातल्या एका स्वल्पविरामावर भांडणारं सभागृह, पोलिसाचा डोळाच बदलला जात असताना कोणत्या खिडकीपाशी होतं?

“आपले जांबुवंतराव भाऊ धोटे आठोते?” मामा म्हणाले. “इधानसभेत पेपरवेट भिरकावलं, आमदारकी गेली. वाईटच केलं. पन फेकलं तं साऱ्याइले दिसलं तरी, कोनं फेकलं अन् कुठं पडलं. हे कधी येऊन पडलं, मले तं पेपरातच समजलं.”

मग टिपणाचं काम जोरात सुरू झालं. इतर देशांतले कायदे भाचीनं पटापट वाचून दाखवले. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यानं २०२५ मध्ये ठरवलं, की एआयची शिफारस हा कोठडी, खटला किंवा शिक्षेच्या निर्णयाचा एकमेव आधार असू नये, निर्णय माणसानंच घ्यावा. कॅलिफोर्नियानं सांगितलं, पोलीस अहवाल एआयनं लिहिला असेल तर तसं त्यावर छापा आणि अधिकाऱ्यानं सही करावी. युरोपानं फेब्रुवारी २०२५ पासून, निव्वळ स्वभावाच्या आडाख्यावरून हा माणूस गुन्हा करेल असं सांगणाऱ्या यंत्रणेवर बंदीच घातली.

पुढच्या मुद्द्यावर दोघं पुन्हा भिडले. चेहरा ओळखणारी यंत्रणा. दिल्ली पोलीस ८० टक्क्यांवर साम्य आलं की चेहरा जुळला असं धरतात, हे २०२२ मध्ये माहितीच्या अधिकारातून बाहेर आलं. भाचीचं म्हणणं, टक्केवारीची मर्यादा कायद्यात घालू, ९५ करू, ९८ करू.

“शंभर कर,” मामा म्हणाले. “तरी काय होते? राळेगावले बंदोबस्ताले होतो मी, अवनी वाघिणीच्या टाइमाले. तेरा माणसं खाल्ली म्हने. जंगलात जागोजागी कॅमेरे. वाघाचे पट्टे मानसाच्या आंगठ्यावानी, एकाचे दुसऱ्याले जुळत नाई. कॅमेऱ्यात पट्टे जुळले का साहेब लोक म्हनत, ती इथून गेली. गेली, हे खरं. पन मानूस कोनं खाल्लं हे कॅमेरा नाई सांगत, तो फक्त सांगते का ती तिथून गेली. २ नोव्हेंबरच्या रातीले मारली तिले. लोकाइनं फटाके फोडले, अन् काही लोक कोर्टात गेले.”

“म्हणजे जुळणं हा पुरावा नाही, तपासाची सुरुवात आहे.”

“हां. ते लिव.”

तिनं लिहिलं: केवळ चेहरा जुळला म्हणून अटक करता येणार नाही, दुसरा स्वतंत्र पुरावा लागेल. मग आणखी एक: यंत्रणा कोणत्या नोंदींवर शिकली हे सरकारनं दरवर्षी सभागृहापुढं ठेवावं, आणि तालुकावार, समाजवार किती जणांकडं तिनं बोट दाखवलं आणि त्यातले किती दोषी निघाले, तेही. ब्रॉवर्डसारखी मोजणी आपल्याला करता आली पाहिजे, यावर ती ठाम होती. मामा म्हणाले, समाजवार लिवशीन तं पुन्हा समाजाचंच रजिस्टर झालं. बराच वेळ वाद झाला. मोजल्याशिवाय भेदभाव दिसत नाही आणि मोजायला समाज लिहावा लागतो, हा गुंता काही सुटला नाही. तिनं त्या ओळीपुढं प्रश्नचिन्ह घालून ठेवलं.

“आता बापूजींचं सांगा,” मी आठवण करून दिली.

“काय सांगू? गवत कापलं, जेलात गेले, रजिस्टरात नाव चढलं असंन. पुढं बिहारचे राज्यपाल झाले. त्याइचं नाव कोनं खोडलं? देशानं खोडलं. पन बेड्यावरच्या मानसाचं कोन खोडते? नियम हाय, हिस्ट्रीशीट बंद करता येते, वरिष्ठाच्या परवानगीनं. पस्तीस वर्षांत मी किती बंद झालेल्या पाह्यल्या सांगू? बंद होत होत्या, नाई असं नाई. लाल शाईनं, एकच शब्द लिवून. मयत.”

भाचीची बोटं थांबली. “कॉम्प्युटरमध्ये?”

“तेच तं इचारून राह्यलो. तिथं लाल शाई कोनाजवळ हाय?”

तिनं नवीन परिच्छेद सुरू केला. नोंद वगळण्याचा अर्ज कोणाकडं करायचा, किती दिवसांत निकाल, वगळलेल्या नोंदीवरून मशीन जे शिकली ते तिनं विसरलं की नाही हे कोण तपासणार. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर जगातल्या कोणत्याच कायद्यात नीट सापडत नाही, असं ती पुटपुटली आणि तरीही लिहिलं. मग वर बघून म्हणाली, “मामा, टिपणात एक उदाहरण घालावं लागेल. आमदार लोक कलमं विसरतात, उदाहरण लक्षात ठेवतात. त्या मुलाचं नाव काय होतं? आता कुठं असतो?”

“असते इथंच. पन्नाशीले आला. पोट्ट्याइले शाळेत घालते, एक तं कॉलेजात हाय.”

“मग नाव सांगा ना.”

मामा उठले, परातीतली सालं गोळा केली.

“नाव नको लिवू, पोरी,” ते म्हणाले. “आनखी एका कागदावर चढंन.”